छापील किंमत नसलेला खेळ : प्रस्तावना

जपानमध्ये खेळण्यांच्या दुकानांबाहेर, रेल्वे स्थानकांत, मॉलच्या जिन्यांजवळ काचेची उभी यंत्रं दिसतात. आत प्लॅस्टिकच्या गोल डब्या भरलेल्या असतात आणि प्रत्येक डबीत एक छोटं खेळणं असतं. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, खाली पडलेली डबी उघडायची. दर्शनी भागावर सगळ्या खेळण्यांची चित्रं असतात, पण आपल्या वाट्याला कोणतं येणार हे डबी उघडेपर्यंत कळत नाही. अशी यंत्रं १९६५ साली अमेरिकेतून जपानमध्ये आली. १९७७ साली बांदाई ही खेळण्यांची कंपनी या धंद्यात उतरली आणि १९८०च्या दशकात ‘किन्निकुमान’ या कॉमिकमधल्या मल्लांच्या रबरी बाहुल्यांनी तिथल्या पोरांना वेड लावलं. या यंत्रांना तिथे गाचापोन किंवा गाशापोन म्हणतात. ज्या मोबाइल खेळांविषयी हे पुस्तक आहे, त्यांना ‘गाचा’ हे नाव इथूनच मिळालं.

या यंत्राचा एक गुण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि या पुस्तकातला सगळा युक्तिवाद त्याच गुणावर उभा आहे. यंत्राला तळ असतो. समजा आत शंभर डब्या आहेत आणि आपल्याला हवा असलेला मल्ल त्यांतल्या एकाच डबीत आहे. बाहेर पडलेली डबी परत आत जात नाही. त्यामुळे प्रत्येक फुकट गेलेल्या नाण्यागणिक उरलेल्या डब्यांत तो मल्ल सापडण्याची शक्यता थोडी वाढते. नशीब अगदी उलटं फिरलं तरी शंभराव्या नाण्याला तो हातात पडतोच. त्याची नेमकी किंमत आधी सांगता येत नाही हे खरं, पण कमाल किंमत डब्यांच्या संख्येनेच ठरवून टाकलेली असते.

यंत्र फोनमध्ये शिरलं आणि हा तळ निघून गेला. फोनमधली डबी बाहेर पडली तरी आतला साठा जसाच्या तसा राहतो. हजाराव्या वेळी हवी ती वस्तू मिळण्याची शक्यता पहिल्या वेळेइतकीच असते. एखादी वस्तू मिळण्याची शक्यता एक टक्का आहे असं वाचलं की बहुतेकांच्या मनात शंभर हा आकडा उभा राहतो: शंभर वेळा प्रयत्न केला की मिळेल. हिशोब वेगळं सांगतो. शंभर जणांनी प्रत्येकी शंभर वेळा सोडत काढली, तर त्यांतले सुमारे ३७ जण रिकाम्या हातांनी परततील. प्रत्येकाने तीनशे वेळा काढली तरी पाच जण उरतीलच. आणि त्या पाच जणांना ‘आता आणखी इतक्या वेळा, मग नक्की’ असं सांगणारा आकडा त्या यंत्रात कुठेही नसतो.

आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यावरही कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. गाचामधली वस्तू त्या छापील किंमतीशिवाय विकली जाते. ती केवढ्याला पडली हे ग्राहकाला पैसे देऊन झाल्यावर कळतं, आणि जास्तीत जास्त केवढ्याला पडू शकते हे अनेकदा कधीच कळत नाही. हा जुगार आहे की नाही, यावर जगभरच्या संसदांत, न्यायालयांत आणि घराघरांत भरपूर वाद झाला आहे. या पुस्तकात तो प्रश्न मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसवला आहे. पहिल्या रांगेत किंमतीचा प्रश्न आहे. तो धरून गेल्या पंधरा-वीस वर्षांचा इतिहास वाचला, तर कुठले उपाय लागू पडले आणि कुठले वाया गेले याचं बरंच स्पष्ट उत्तर मिळतं.

ज्यांनी असा खेळ कधी उघडलेला नाही, त्यांच्यासाठी एक उदाहरण तपशिलात पाहू. शांघायच्या मिहोयो कंपनीचा ‘गेनशिन इम्पॅक्ट’ हा खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी बाजारात आला. डोंगर, समुद्र, शहरं, दंतकथा असलेलं एक प्रचंड जग त्यात आहे, आणि त्यात फिरायला एक पैसाही लागत नाही. संपूर्ण कथा फुकट खेळता येते. पैसा लागतो तो पात्रांसाठी. साधारण तीन आठवडे चालणाऱ्या एका ‘बॅनर’वर एखादं नवं पात्र झळकतं. सर्वोच्च म्हणजे पंचतारांकित दर्जाचं पात्र मिळण्याची मूळ शक्यता दर सोडतीला ०.६ टक्के असते. ८९ वेळा ते आलं नाही तर नव्वदाव्या वेळी येणारच, अशी हमी आहे. खेळाडू तिला ‘पिटी’ म्हणतात. पण आलेलं पात्र बॅनरवरचंच असेल याची हमी पहिल्या खेपेला नसते. जुन्या नेहमीच्या पात्रांपैकी एखादं हाती पडू शकतं. तसं झालं, तर पुढच्या खेपेला मात्र बॅनरवरचंच पात्र मिळतं. म्हणजे अगदी वाईट नशिबात १८० सोडती.

आता या १८० सोडतींची किंमत काढायला बसू. एका सोडतीला १६० ‘प्रिमोजेम’ लागतात. प्रिमोजेम थेट विकत मिळत नाहीत. आधी ‘जेनेसिस क्रिस्टल’ घ्यायचे, त्यांचे प्रिमोजेम करायचे, प्रिमोजेमचे सोडतीचे ‘फेट’ करायचे आणि मग बॅनरवर जायचं. क्रिस्टलचा सर्वांत मोठा गठ्ठा ९९.९९ डॉलरला मिळतो. त्यात ६,४८० क्रिस्टल आणि वर १,६०० बोनस, म्हणजे एकूण ८,०८०. त्याला १६० ने भागलं की साडेपन्नास येतात. अर्धी सोडत काढता येत नाही, त्यामुळे ८० क्रिस्टल खात्यात शिल्लक राहतात आणि पुढच्या गठ्ठ्याची वाट पाहतात. १८० सोडतींना असे चार गठ्ठे लागतात, म्हणजे जवळपास ४०० डॉलर. हा भागाकार कोणालाही जमेल. पण तीन चलनांच्या आणि अडनिड्या गठ्ठ्यांच्या आड तो करावा लागतो आणि डॉलरमधलं उत्तर बॅनरवर लिहिलेलं नसतं. किंमत लपवण्यासाठी खोटं बोलावं लागत नाही. ती चार ठिकाणी वाटून ठेवली तरी पुरतं.

इथे खेळाडूंची बाजूही मांडायला हवी, कारण या विषयावर लिहिणारे बरेचजण त्यांना भोळसट समजतात. ते तसे नाहीत. गेनशिनमध्ये ७४व्या सोडतीच्या आसपास शक्यता झपाट्याने वाढू लागते, हे खेळाडूंनी असंख्य सोडतींच्या नोंदी एकत्र करून स्वतः शोधून काढलं. जपानी खेळाडूंनी ‘रिसेमारा’ची युक्ती काढली: सुरुवातीच्या फुकट सोडतींत हवं ते पात्र आलं नाही की खेळ पुसून पुन्हा बसवायचा, आणि मनासारखं होईपर्यंत तेच करत राहायचं. महिनोन्‌महिने फुकट प्रिमोजेम साठवून एकाच पात्रासाठी थांबणारेही पुष्कळ आहेत. आणि पात्रांवरचं त्यांचं प्रेम खरं असतं. ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ या २०१५च्या खेळाची लांबलचक कथा लोक कादंबरीसारखी वाचतात, ‘उमामुसुमे’ या २०२१च्या खेळामुळे जुन्या शर्यतीच्या घोड्यांचा इतिहास धुंडाळतात. हे खेळ कचरा असते तर हा विषय सोपा झाला असता. चित्रकार, संगीतकार, लेखक आपली उत्तम कामगिरी त्यात ओततात आणि ती बहुसंख्यांना फुकट मिळते. त्या सगळ्याचा खर्च थोडे लोक उचलतात. धंद्याच्या भाषेत या मोठ्या खर्चिकांना ‘व्हेल’ म्हणतात. तळ नसलेल्या यंत्राचं खरं गिऱ्हाईक हा व्हेल असतो. कमाल किंमत ठरवली, तर त्याच्याकडून मिळणारा पैसाही कुठेतरी थांबतो.

इतिहास जपानपासून सुरू होतो, कारण पहिला मोठा झटका तिथेच बसला. ‘मेपलस्टोरी’ या कोरियन खेळाच्या जपानी आवृत्तीत २००४ साली गाचाची तिकिटं आली. २०१० साली कोनामीच्या ‘ड्रॅगन कलेक्शन’ने ग्री या सोशल मंचावर कार्डांचा गाचा रुजवला. लवकरच ‘कंप्लीट गाचा’ नावाचा प्रकार फोफावला. गाचातून निघणाऱ्या कार्डांपैकी एक ठरावीक संच पुरा केला की एक खास, अन्यथा न मिळणारं कार्ड बक्षीस. वरवर साधी वाटणारी ही रचना गणिताने फार कठोर आहे. समजा संचात दहा कार्डं आहेत आणि प्रत्येक येण्याची शक्यता सारखीच आहे. पहिली पाच वेगवेगळी कार्डं जमायला सरासरी साडेसहा सोडती पुरतात. उरलेल्या पाचांना तेवीस लागतात, आणि त्यांतल्या शेवटच्या एकट्या कार्डाला दहा. अर्धा संच झटपट भरतो आणि माणसाला वाटतं, झालंच आता. खर्चाचा डोंगर त्यापुढे सुरू होतो. प्रत्यक्षात तर काही कार्डं मुद्दाम दुर्मीळ ठेवलेली असत.

५ मे २०१२ रोजी, म्हणजे जपानमधल्या बालदिनी, ‘योमिउरी’ या दैनिकाने बातमी दिली की सरकारच्या ग्राहक व्यवहार संस्थेला हा प्रकार बेकायदा वाटतो. सोमवारी ७ तारखेला बाजार उघडला आणि ग्री व डीएनए या दोन बड्या कंपन्यांचे शेअर एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त कोसळले. १८ मे रोजी संस्थेने आपलं म्हणणं अधिकृतपणे मांडलं आणि १ जुलैपासून कंप्लीट गाचा बंद झाला. यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे वापरलेला कायदा. त्यासाठी जुगाराच्या कायद्याला कोणी हात लावला नाही. ग्राहकाला अवाजवी बक्षिसांचं आमिष दाखवण्यावर निर्बंध घालणारा १९६२चा कायदा जपानकडे होता, आणि कार्डांचे संच जुळवायला लावून बक्षीस देण्यावर त्याखाली १९७७ सालीच बंदी आली होती. आयफोन जन्मण्याच्या तीस वर्षं आधीचा नियम फोनला तंतोतंत लागू पडला. बंदी फक्त संच जुळवण्यावर होती. साधा गाचा तसाच चालू राहिला, आणि त्याच वर्षी आलेल्या ‘पझल अँड ड्रॅगन्स’ने त्यावर इतका पैसा कमावला की २०१३ साली गुंगहो या त्याच्या कंपनीचं बाजारमूल्य काही काळ निन्टेन्डोच्याही वर गेलं.

दुसरा झटका सरकारने दिला नाही, गिऱ्हाइकांनी दिला. २०१५ संपून २०१६ उजाडताना ‘ग्रानब्लू फँटसी’ या खेळात माकडाच्या वर्षाचं एक पात्र मर्यादित काळासाठी आलं. ते मिळण्याची शक्यता वाढवली आहे असं खेळात म्हटलं होतं, पण नेमकी किती हे सांगितलं नव्हतं. एका खेळाडूने इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करत ते मिळवायचा चंग बांधला. दोन हजारांहून जास्त सोडती झाल्या, सुमारे सहा हजार डॉलर गेले, तेव्हा कुठे ते पात्र आलं. हजारो लोकांनी तळ नसलेलं यंत्र म्हणजे काय हे त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं. गदारोळ इतका झाला की सायगेम्स या कंपनीने प्रत्येक वस्तूची शक्यता जाहीर करायला सुरुवात केली आणि एक कमाल मर्यादा घातली: तीनशे सोडती झाल्या की हवं ते पात्र स्वतः निवडून घ्या. एका सोडतीला ३०० येन, म्हणून जास्तीत जास्त ९०,००० येन. रक्कम डोळे पांढरे करणारी आहे. तरीही ती रक्कम आहे, लिहून दाखवता येते. अशी हमी पुढे बऱ्याच मोठ्या गाचा खेळांनी या ना त्या रूपात उचलली. गेनशिनची नव्वदची हमीही त्याच कुळातली.

कमाल मर्यादा आली म्हणजे प्रश्न मिटला, असं मात्र नाही. ग्रानब्लूमध्ये सोडतींचे जमवलेले गुण त्या बॅनरबरोबरच संपत. दोनशे सोडती करून थांबलेल्या माणसासमोर मग दोनच वाटा उरतात: झालेला खर्च सोडून द्या, किंवा आणखी शंभर सोडती विकत घ्या. ग्राहकाच्या संरक्षणासाठी आणलेली मर्यादा अशा वेळी गाठायचं शिखर होऊन बसते. गेनशिनमध्ये मोजणी पुढच्या बॅनरवर तशीच जाते, म्हणून तिथे हा ताण कमी आहे. दोन खेळांतला हा एका ओळीचा फरक खिशावर फार मोठा परिणाम करतो, आणि म्हणून या पुस्तकात अशा ओळींवर पानंच्या पानं खर्च झाली आहेत.

युरोपने दुसरी वाट धरली. नोव्हेंबर २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळातल्या, पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्यांवरून पाश्चात्त्य खेळाडू भडकले आणि ‘लूटबॉक्स’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये काही खेळांतल्या पेट्या बेकायदा ठरवल्या. काही कंपन्यांनी तिथली विक्री थांबवली. पण २०२२ साली एका संशोधकाने तिथल्या आयफोनवरचे सर्वाधिक कमाईचे शंभर खेळ तपासले, तेव्हा त्यांतल्या ८२ खेळांत पेट्या राजरोस विकल्या जात होत्या. नेदरलँड्सच्या नियामकाने ‘फिफा’ खेळातल्या फुटबॉलपटूंच्या कार्डांच्या पाकिटांसाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला एक कोटी युरोचा दंड केला. मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो रद्द केला. त्याचं म्हणणं असं की पाकिटं उघडणं हा स्वतंत्र जुगार नाही, कौशल्याच्या एका मोठ्या खेळाचा तो भाग आहे. ब्रिटनने मतं मागवून जवळपास दोन वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये जुगाराचा कायदा न बदलण्याचं ठरवलं. बहुतेक ठिकाणी अडचण एकाच जातीची होती. जुगाराचे कायदे जिंकलेल्या वस्तूची पैशातली किंमत विचारतात, आणि गाचातलं पात्र ना विकता येतं ना वटवता येतं. पैसा आत जातो, पण बाहेर येत नाही. यामुळे ग्राहकाचं नुकसान कमी होत नाही, उलट पक्कं होतं. कायद्याच्या व्याख्येतून मात्र तो व्यवहार नेमका निसटतो.

याउलट ज्यांनी हा व्यवहार विक्री म्हणून तपासला, त्यांच्या हाती काहीतरी लागलं. दक्षिण कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड केला. ‘मेपलस्टोरी’मधल्या ‘क्यूब’ या विकतच्या वस्तूची शक्यता कंपनीने खेळाडूंना न सांगता घटवली होती, आणि काही लोकप्रिय संयोगांची शक्यता तर वर्षानुवर्षं शून्यावर ठेवली होती. न येणारी गोष्ट लोक विकत घेत होते. २२ मार्च २०२४ पासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १७ जानेवारी २०२५ रोजी गेनशिनच्या प्रकाशकाशी दोन कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या विकायच्या नाहीत, चलनांचे विनिमय दर उघड करायचे, आणि आभासी चलनाबरोबरच थेट खऱ्या पैशात खरेदी करण्याची सोय द्यायची, अशा अटी त्यात आहेत. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. क्रिस्टल आणि प्रिमोजेम यांच्या मागे दडलेली किंमत ती एका फटक्यात डॉलरमध्ये आणते.

शक्यता जाहीर करण्याची सक्ती चीनने १ मे २०१७ पासून केली आणि ॲपलने त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या दुकानाचा नियम म्हणून घातली. हा सर्वांत स्वस्त उपाय, म्हणून सर्वांत लोकप्रिय. पण ‘०.६ टक्के’ या आकड्यावरून खर्चाचा अंदाज बांधणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि जाहीर केलेला आकडा खरा आहे हे बाहेरच्या कोणी तपासल्याशिवाय कळत नाही. नेक्सॉनचं प्रकरण याचीच साक्ष देतं. टक्केवारी ही माहिती आहे, किंमत नव्हे.

मानसशास्त्राचं प्रकरण या पुस्तकात आहे, पण ते छोटं ठेवलं आहे. २०१८ साली झेंडल आणि केर्न्स या ब्रिटिश संशोधकांनी सात हजारांवर खेळाडूंची पाहणी केली. पेट्यांवर जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराच्या व्यसनाची लक्षणंही जास्त दिसली. पुढच्या अनेक अभ्यासांत हाच दुवा पुन्हा आढळला. पेट्यांमुळे माणूस जुगाराकडे वळतो, की जुगाराकडे ओढा असलेला माणूस पेट्यांवर जास्त खर्च करतो, हे अशा पाहण्यांतून ठरत नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी एक गोष्ट उरते: ज्यांना थांबणं सर्वांत जड जातं, त्यांच्याच खिशातून हा धंदा सर्वांत जास्त काढतो.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या मुलांना गेनशिनपेक्षा ‘फ्री फायर’ आणि ‘बीजीएमआय’ जास्त ओळखीचे. हे नेमबाजीचे खेळ. त्यांत पात्रांऐवजी कपडे आणि बंदुकींच्या स्किन, म्हणजे सजावटीची आवरणं, निघतात, सोडतीला क्रेट किंवा लक रॉयल म्हणतात, आणि चलनाला डायमंड किंवा यूसी. यूट्यूबवर क्रेट उघडण्याचे व्हिडिओ मुलं डोळे लावून पाहतात. फ्री फायरमध्ये ‘फेडेड व्हील’ नावाचा एक प्रकार अधूनमधून येतो, तो या पुस्तकाच्या दृष्टीने फार बोलका आहे. दहा वस्तूंतल्या नको त्या दोन आधी काढून टाकायच्या, उरलेल्या आठांवर चक्र फिरवायचं. निघालेली वस्तू पुन्हा येत नाही. म्हणजे या यंत्राला तळ आहे. फक्त दर फेरीला भाव चढतो: बऱ्याचदा पहिली फेरी ९ डायमंडला आणि आठवी ४९९ ला. सगळी बेरीज १,०८२ येते आणि तिचा जवळजवळ अर्धा भाग एकट्या शेवटच्या फेरीत असतो. कमाल किंमत काढता येते, पण पडद्यावर दिसतं ते ९. बीजीएमआय २०२१ साली आला तेव्हा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला ७,००० रुपयांची खर्चमर्यादा होती. जबाबदारीचं पाऊल म्हणून ती जाहीर झाली. तीस दिवसांनी गुणलं की दोन लाख दहा हजार होतात.

आपले कायदेही युरोपच्याच खाचेत अडकलेले आहेत. मुंबई इलाख्याचा १८८७चा जुगारबंदी कायदा अड्डे आणि जुगाराची साधनं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा पैसे लावून पैसे किंवा तत्सम लाभ जिंकण्याच्या खेळांवर बंदी घालतो. त्याच्या मजकुरात लूटबॉक्सचं किंवा गाचाचं नाव नाही. त्या व्याख्येत गाचा बसतो का, यावर वकील बराच काळ वाद घालू शकतील. तोवर आपल्या हाताशी असलेली साधनं पडून राहू नयेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्याखाली ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत तेरा फसव्या रचनांची यादी आहे. खोटी घाई निर्माण करणं आणि किंमतीचे तुकडे करून ते हळूहळू उघड करणं, या दोन्ही तिच्यात आहेत. उलट मोजणी दाखवणारं बॅनर आणि तीन चलनांची साखळी या निकषांवर तपासून पाहायला नव्या कायद्याची गरज नाही. अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे तर १८७२च्या करार कायद्यावरून प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरवून दिलं आहे.

एवढ्यावरून या पुस्तकाची मागणी वाचकांच्या लक्षात आली असेल. ती तीन ओळींत मावते. बॅनरवरची वस्तू वाईटात वाईट नशिबात किती रुपयांना पडेल, हा आकडा विकत घेण्याच्या बटणाशेजारीच छापावा. त्या कमाल मर्यादेकडे झालेली वाटचाल बॅनर संपल्यावर शून्यावर आणू नये. आणि जाहीर केलेल्या शक्यतांची तपासणी त्रयस्थाने करावी. गाचावर सरसकट बंदी घाला, असं हे पुस्तक म्हणत नाही. मोठ्या माणसाने आपल्या कमाईतून आवडत्या पात्रावर पैसे उडवले तर ते त्याचं स्वातंत्र्य. पण किती उडणार हे न कळता उडवणं याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. असा नियम आला तर धंदा बुडेल, असं कंपन्या म्हणतील. तसं खरंच झालं, तर त्यातून एवढंच सिद्ध होईल की किंमत न सांगणं हेच त्या धंद्याचं भांडवल होतं.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिला जपानचा इतिहास सांगतो, दुसरा सोडतींचं गणित, तिसरा निरनिराळ्या देशांतले कायदे, आणि चौथा भारतातले खेळ व त्यांचे दर. खऱ्या पैशांची रमी आणि फँटसी क्रिकेट यांना इथे जागा दिलेली नाही. तिथे जिंकलेला पैसा हातात येतो, त्यामुळे तो वेगळ्या युक्तिवादाचा विषय ठरतो. ज्यांना गणिताची धास्ती वाटते त्यांनी दुसरा भाग टाळू नये. त्यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही, आणि सातवी-आठवीतल्या मुलांना तो पालकांपेक्षा लवकर समजेल. पालकांनी चौथ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल, मात्र वाचताना मुलाला शेजारी बसवावं आणि त्याच्याच खेळातल्या एका बॅनरचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. मुलांना उपदेश लवकर कंटाळवाणा होतो. पण आपल्याला हवी असलेली स्किन वाईटात वाईट किती हजारांना पडेल, ही बेरीज स्वतः केल्यावर पुढचा निर्णय ती बहुधा नीट घेतात.